चेहरा विकायला काढला

१२ जानेवारी

वीस वर्षं मी रिकाम्या खुर्च्या रंगवल्या. दवाखान्यातल्या, कचेऱ्यांतल्या, सभा उठून गेल्यावर एकावर एक रचून ठेवलेल्या. त्यातल्या सात गॅलरीवालीने आज परत केल्या. आधी चहा पाजला, बिस्किटं पुढे सरकवली आणि म्हणाली, "चित्रं उत्तमच आहेत गं, पण यात तू कुठे आहेस?"

"मी खुर्चीसमोर आहे," मी म्हटलं. "म्हणून तर ती दिसतेय."

तिला विनोद कळला नाही. तिने आतल्या खोलीतून एका तरुण माणसाला बोलावलं. डोकं तुळतुळीत, दाढी तुळतुळीत, बोलणंही तसंच. कलाकारांचा ब्रँड घडवून देतो म्हणे. मी मनातल्या मनात त्याचं बारसं केलं, गुळगुळीत.

गुळगुळीतने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे कपाळाच्या कडेला पाहिलं, कानामागे पाहिलं, गालावर पाहिलं. जिथे जिथे सोरायसिसचे लाल चट्टे आणि त्यावर पांढऱ्या खपल्या आहेत, तिथे तिथे. इतर लोक बघतात आणि पटकन नजर काढून घेतात. याने काढली नाही.

"ताई, तुम्ही स्वतःचं चित्र कधी केलंय?"

"नाही."

"का?"

"आरशात बघायचा कंटाळा येतो म्हणून."

"हेच!" त्याने टेबलावर बोट आपटलं. "हेच विकलं जाईल." मग जरा सावरून, "म्हणजे, लोकांपर्यंत पोहोचेल."

बिस्किट हातातच राहिलं. सात खुर्च्या घेऊन घरी आले. नवरा दुकानातून उठला, एकेक उतरवून घेतली आणि काही न विचारता मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. न विचारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

१९ जानेवारी

नवऱ्याचं फ्रेमा बनवायचं दुकान खाली, आम्ही तिघं वर. गिऱ्हाइकाने न नेलेला एक आरसा त्याच्याकडे दोन वर्षं पडून होता. तो त्याने वर आणून खिडकीशी उभा केला.

"काढ की," म्हणाला. "पण तुला बघवेल का?"

"तुला सोळा वर्षं बघवतंय ना?"

"मी तुला बघतो. चट्टे कुठे बघतो?"

बोलायला ठीक आहे. मी आज तीन तास चट्टेच बघितले. डाव्या भुवईवर एक आहे तो नकाशातल्या बेटासारखा. कानाच्या पाळीमागचा ओला दिसतो, पण कोरडा असतो. खपली पडून पॅलेटवरच्या पांढऱ्या रंगात गेली. ती बाजूला काढायला सुरी घेतली. माझीच खपली, माझाच रंग, आणि मला शिसारी आली.

काढली नाही मग. तशीच रंगात मिसळली. का, ते माहीत नाही.

४ फेब्रुवारी

गुळगुळीतने माझ्या नावाचं खातं उघडलंय. ते तोच चालवतो. पहिलं चित्र टाकलं आणि दोन दिवसांत एवढ्या लोकांनी बघितलं, जेवढ्यांनी माझ्या सगळ्या खुर्च्या मिळून बघितल्या नसतील. सगळे एकच शब्द लिहितात, "धाडसी". जणू मी आगीत उडी मारून कुणाला बाहेर काढलंय. मी घरात बसून गाल रंगवलाय, बायांनो.

तरी सगळ्यांचं वाचलं. दोनदा.

लेकीला दाखवलं. तिला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी दुकानातल्या लाकडाच्या भुशातून सरपटत फिरायची म्हणून. आता चौदाची झाली, तरी मुंगीच. तिने फोन हातात घेतला, बघितलं आणि परत दिला.

"छान आहे," म्हणाली. "शाळेतल्या लोकांना दिसेल का हे?"

"सगळ्यांना दिसतं. तीच तर गंमत."

ती दप्तर भरायला लागली.

२१ फेब्रुवारी

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी या महिन्यात नवीन इंजेक्शन सुरू केलंय. महिन्याला एक. पहिल्याच इंजेक्शनने कपाळ अर्धं साफ झालं. बोट फिरवलं तर नुसती कातडी लागते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उशीवर कोंडा नव्हता. मी उशी झटकून झटकून बघितली आणि येडबंबासारखी हसले.

दुपारी गुळगुळीतचा फोन. "ताई, कालच्या फोटोत गाल जरा साफ वाटतोय. प्रकाशामुळे का?"

"औषधामुळे."

"अरे वा! मस्तच." मग घसा खाकरला. "नाही, तब्येत पहिली, ताई. फक्त आपली बारा चित्रांची मालिका आहे ना. लोक या चेहऱ्याशी जोडले गेलेत. बाकी काही नाही."

माझं बरं होणं हा त्याच्या कामात आलेला अडथळा आहे. असल्या माणसाला चार शब्द सुनवायला हवे होते. मी म्हटलं, "बघू."

७ मार्च

इंजेक्शनची तारीख चुकली. काल होती. चौथं चित्र ओलं होतं, मधे उठता आलं नाही. पुढच्या आठवड्यात जाईन. एखाद्या आठवड्याने काय आकाश कोसळत नाही.

२३ मार्च

जमलं नाही अजून.

३ एप्रिल

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून फोन आला होता. गावाला गेलेय म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर समोरच्या आरशात बघितलं. थाप मारणारी बाई अगदी शांत दिसत होती. तेच चित्र केलं. पाचवं. आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं आहे हे मला कळतंय.

खपली रंगवायचं तंत्र आता हातात बसलंय. ओला रंग चालत नाही. रात्रभर अर्धवट सुकू द्यायचा, सकाळी सुरीच्या टोकाने उचकटायचा आणि उचकटलेली कड तशीच ठेवायची. कॅनव्हास खाजवल्यासारखा आवाज येतो. त्या आवाजाने माझी मान खाजायला लागते, मग एका हाताने मान आणि एका हाताने कॅनव्हास. कुणी बघितलं तर ओकेल. चेहरा परत पूर्ण पेटलाय. हनुवटीपर्यंत आलंय, तिथे याआधी कधीच नव्हतं.

मुंगी लांब बाह्यांचा शर्ट घालून हिंडते. एवढ्या उकाड्यात. म्हटलं, अगं शिजशील. तर म्हणे फॅशन आहे. या वयात सगळंच फॅशन असतं.

१६ एप्रिल

गुळगुळीतने माझं तोंड छापलेल्या कापडी पिशव्या काढल्यात. मला विचारलं होतं म्हणे. विचारलंही असेल. हल्ली मी हो म्हणते आणि विसरते.

मुंगी जेवताना ताटात बघत म्हणाली, "माझ्या वर्गातल्या एकीच्या आईकडे तुझी पिशवी आहे."

"अरे वा."

"ती त्यातून कांदे आणते."

नवऱ्याला ठसका लागला. मी पण हसले. मुंगी हसली नाही. "सगळ्या मला खपलीची पोरगी म्हणतात," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

मी नवऱ्याला म्हटलं, मुलं निर्दय असतात. तो म्हणाला, "हं." मग म्हणाला, "मुलंच?" आणि भात वाढून घेतला.

२ मे

गॅलरीत छोटा कार्यक्रम होता. गुळगुळीतने आधीच बजावलं होतं, पावडर लावायची नाही, केस मागे घट्ट बांधायचे. एक बाई आली, रेशमी, सुगंधी. डोळ्यांत पाणी. विचारलंही नाही, सरळ माझ्या गालावर बोटं ठेवली. "तुम्ही आम्हाला केवढं बळ दिलंत!" बोटं काढली आणि मागे नेऊन पदराला पुसली. तिला वाटलं मला दिसलं नाही.

मला तिची किळस आली. मग मला वाटलं, ती निदान पुसते तरी. मी तर हेच रंगात कालवून भिंतीवर टांगते आणि लोकांना जवळ बोलावते.

घरी येऊन साबणाने तोंड धुतलं. मग परत धुतलं. मग आरशासमोर बसले आणि धुऊन आग झालेल्या गालाचं स्केच केलं. वाया कशाला घालवायचं.

९ मे

आज दुपारी मुंगी सुट्टीतल्या क्लासहून आली ती तशीच सोफ्यावर झोपली. एक हात डोक्यावर. शर्टाची बाही वर सरकली होती.

तिच्या कोपरावर चट्टा आहे. रुपयाएवढा. कडेला लाल, मधे पांढरा. खाली मनगटाकडे अजून दोन बारके.

मी गुडघ्यावर बसले. तिच्या श्वासाने बाही हलत होती. मला रडू आलं, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढचंही लिहायचं आहे. डोळे पुसायला पदर घेतला आणि दुसऱ्या हाताने कोळशाची कांडी घेतली. कधी घेतली, ते आठवत नाही. कोपराची घडी, हाडाचं टोक, त्यावर तो चट्टा. वीस मिनिटं. एकही रेघ पुसावी लागली नाही. इतकं जिवंत काम मी वर्षात केलेलं नाही.

ती कूस वळली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.

१० मे

स्केचचा फोटो गुळगुळीतला पाठवला. फक्त रेघ कशी वाटते ते विचारायला. बाकी कुणाला कळतं यातलं? त्याचं उत्तर मिनिटाच्या आत आलं, "ताई. हे काय केलंत तुम्ही." पूर्णविराम. मला जरा अभिमानच वाटला.

११ मे

सकाळी खाली दुकानात गेले. नवरा चौकटीचे कोपरे कापत होता. त्याला हळूच सांगितलं, "मुंगीला पण सुरू झालंय."

त्याने करवत थांबवली नाही. "मार्चपासून. मी दोनदा डॉक्टरीणबाईंकडे नेलंय तिला. मलम चालू आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तीच म्हणाली, आईला सांगू नको."

"का?"

आता त्याने करवत खाली ठेवली. चष्मा काढून शर्टाला पुसला. "म्हणाली, ती काढेल."

"काढेल म्हणजे?"

"चित्र काढेल."

मला संताप आला. मी आई आहे तिची. पोटच्या पोरीचं मी असं करेन? मी त्याला वाट्टेल ते बोलले. तुम्ही दोघं माझ्यामागे कुजबुजता, माझं जरा नाव झालं तर तुम्हाला बघवत नाही, असलं सगळं. त्याने चष्मा परत लावला. मग म्हणाला, "डॉक्टरीणबाई तुझी चौकशी करत होत्या. गावाहून आलीस का, विचारत होत्या."

वर आले. स्केच ड्रॉवरमध्ये आहे. ते वेगळं. तो नुसता सराव आहे.

१२ मे

गुळगुळीतने ते स्केच टाकलं.

मला न विचारता, सकाळी नऊ वाजता, माझ्या नावाने. माझ्या लाल गालाशेजारी मुंगीचं कोपर. खाली एकच शब्द, "वारसा".

मी बघितलं तेव्हा दुपार झाली होती. हजारो लोकांनी बदाम पाठवले होते. "रडू आलं." "मायलेकींना सलाम." "पुढचं कधी?"

१३ मे

त्याच्या ऑफिसात गेले. काचेचं टेबल, त्यावर माझ्या पिशव्यांचा गठ्ठा.

"आधी काढून टाक."

"ताई, बसा तरी. आकडे बघा. एवढं कधीच—"

"चौदा वर्षांची आहे ती."

"पण चेहरा कुठे दिसतोय? कोपर तर आहे." तो खरोखरच समजावत होता. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, हे सगळ्यात घाणेरडं. "आणि ताई, पाठवलंत तुम्हीच ना?"

मी टेबलासमोरून हलले नाही. शेवटी त्याने काढलं. पण तोवर दुसऱ्यांनी घेतलं होतं, त्यांच्याकडून तिसऱ्यांनी. ते आता पुसता येत नाही.

उलटी होईल म्हणून जिन्यात बसले. झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं.

१४ मे

मुंगीला कळलं. वर्गाच्या गटात कुणीतरी टाकलं होतं. ती माझ्यावर ओरडेल म्हणून मी सगळी तयारी करून ठेवली होती. चूक माझी, त्याने विचारलं नाही, मी लगेच काढायला लावलं, वगैरे.

ती दारात उभी राहिली. दोन्ही बाह्या मनगटापर्यंत, गुंड्या लावलेल्या.

"मी झोपले होते, आई," ती म्हणाली.

बस. एवढंच. मग खाली बाबाकडे गेली.



३० मे

मुंगी माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी बाबाला सांगते, मी शेजारीच असते. मी खोलीत आले की बाही ओढते. घराबाहेर नाही, घरात. घरात पोरगी माझ्यापासून अंग झाकून हिंडते.

मी सातवं चित्र सुरू करायला बसले. आरशात बघितलं. बाई दुःखी दिसत होती. किती छान दुःखी दिसत होती. डाव्या डोळ्याखाली सावली पडली होती आणि माझ्या मनात आलं, ही सावली धरायला जरा निळा लागेल. तेव्हा मात्र मी उठले. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. जरा वेळ त्याचा पाठचा पुठ्ठा बघत बसले.

४ जून

इंजेक्शन घेतलं. डॉक्टरीणबाईंनी कार्ड बघितलं. मार्च, एप्रिल, मे कोरे. मला म्हणाल्या, "गाव लांब आहे का फार?" मी मान खाली घातली. त्यांनी सुई टोचली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मुलगी नियमित येते हो तुमची. शहाणी आहे."

२६ जून

गॅलरीवालीकडे गेले. म्हटलं, प्रदर्शन नको, सहाही चित्रं परत दे. ती म्हणाली, करार आहे, पत्रिका छापल्यात, सहा तर सहा. "आणि हे बघ, चित्रं खरंच चांगली आहेत," म्हणाली.

आहेत. तीच तर ओकारी आहे. फालतू असती तर फाडली असती. मुंगीचं स्केच मात्र मी फाडलं. फाडताना मधेच थांबले ती मुंगीसाठी की रेघेसाठी, याची मला खात्री नाही. हे वाक्य लिहून मी अर्धा तास बसले होते.

२२ जुलै

चेहरा साफ होतोय. कपाळ झालं, भुवई झाली. कानामागे थोडं उरलंय. गुळगुळीतने मला शेवटचा निरोप पाठवला, उद्घाटनाला मेकअपवाली पाठवू का, "थोडं जुनं रूप आणायला". मी नंबर काढून टाकला. खात्याचा पासवर्ड त्याच्याकडेच आहे. तिथे मी अजून रोज काहीबाही बोलत असते. काल म्हणे मी स्वतःवर प्रेम करायला शिका म्हणून सांगितलं.

८ ऑगस्ट

आज उद्घाटन. मी जाणार नव्हते. पण चित्रं टांगायला नवरा सकाळपासून तिथे होता. फ्रेमा त्याच्याच, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. त्याचा डबा द्यायचा होता. निघताना मुंगी चपला घालून दारात उभी. मला काही बोलली नाही. बरोबर चालायला लागली, दोन पावलं मागे. अर्ध्या बाहीचा फ्रॉक. मी मागे वळून बघितलं नाही. रस्ताभर मान आखडून समोरच बघत राहिले.

हॉल भरला होता. चारी भिंतींवर मिळून सहा वेळा मी. माणसाच्या उंचीएवढी तोंडं, लाल, सोललेली, उचकटलेली. लोक पुढ्यात उभे राहून आपापले फोटो काढत होते, गाल माझ्या गालाशी नेऊन. गुळगुळीत एका घोळक्याला माझ्याबद्दल सांगत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, हसला आणि पुढे बोलत राहिला. ओळखलं की नाही, कोण जाणे.

मी पाचव्या चित्रापाशी गेले. थाप मारणारी बाई. जवळून बघितलं तर हनुवटीपाशी रंगात खरी खपली दिसली. ही कधी पडली, मला कळलंच नव्हतं.

मागून एक मुलगी म्हणाली, "काकू, जरा बाजूला व्हाल का? फोटोत येताय."

मी वळले. तिने माझ्याकडे नीट बघितलं, साफ चेहऱ्याच्या एका बाईकडे. मग हाताने खूण केली, अजून जरा तिकडे.

मी बाजूला झाले. अगदी खांबापर्यंत. तिथे मुंगी उभी होती. तिने सगळं बघितलं होतं. आम्ही दोघी त्या मुलीचे पाच-सहा फोटो होईपर्यंत तशाच उभ्या राहिलो. तिचं कोपर माझ्या हाताला लागत होतं. चट्टा सपाट झालाय. मी बघितला नाही, लागला.

"तुला राग नाही आला?" मुंगीने विचारलं. मेपासूनचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"नाही," मी म्हटलं. खरंच आला नव्हता. उलट सुटल्यासारखं झालं होतं.

"मला आला," ती म्हणाली.

कुणाचा, हे विचारायचा मला धीर झाला नाही.